शंभर श्वास

डोळे मिटता येतात, कान झाकता येतात. पण श्वास चालू आहे तोवर नाकाला सुटी नाही. असे हे अखंड राबणारे इंद्रिय देवाने गॅरेज चालवणाऱ्या या मिस्त्रींना जरा सढळ हाताने दिले होते. गल्लीत त्यांना नाव एकच: नाकवाले. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेले असले, तर गाडी दारात उभी राहण्याआधी त्यांची मान नकारार्थी हलायची. चौकातला दुसरा गॅरेजवाला म्हणायचा, की यांना पाने-पक्कड हवेत कशाला, नाक घेऊन आले की काम झाले. होता तो टोमणाच. पण कारागिराला खरा दाखला मिळतो तो अशा टोमण्यातूनच.

इंधनाच्या टाकीचे काम झाले, की मिस्त्रींची एक रीत असे. गाडीच्या काचा वर करायच्या, दार ओढून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि आत बसून शंभर श्वास घ्यायचे. मोजून शंभर, नव्याण्णव नाहीत. प्रत्येक श्वासाला मनात देवाचे नाव. शंभरावा श्वासही पेट्रोलच्या वासाशिवाय, कोरा गेला, की बाहेर येऊन गिऱ्हाइकाला दोनच शब्द सांगायचे, "बिनघोर जा." एकतीस वर्षे हे दोन शब्द त्यांनी दिले, आणि एकतीस वर्षे ते खरे ठरले.

मग गेल्या हिवाळ्यात ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. ते कळले दुधामुळे. शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेल्या मिस्त्रींच्या हाताच्या अंतरावर दूध उतू गेले, करपले, पातेले काळे झाले, आणि अंगणातून पत्नी धावत आली तेव्हा ते शांतपणे पान उलटत होते. तिने पातेल्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले, आणि काही न विचारता खिडकी उघडली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. त्यानंतर रोज सकाळी मिस्त्री लवंग हुंगत, कांदा हुंगत, साबणाची वडी हुंगत. लवंग काय, कांदा काय, साबण काय, सगळे सारखेच कोरे. देवा, तू दिलेस, तूच नेलेस, त्याबद्दल तक्रार नाही. पण निदान सांगून तरी न्यायचे होतेस, असे ते मनात म्हणत आणि वडी जागेवर ठेवत. ही गोष्ट घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. टाकीचे काम आले, की हाताशी वेळ नाही, असे सांगून ते परतवत.

अशात रोपवाटिकेचा मालक आपली जुनी पिकअप घेऊन आला. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, वडिलांच्या हातची गाडी. "माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे," तो नेहमी म्हणायचा, "हिला अहो-जाहो करावं लागतं." तिची टाकी मागे किंवा खाली नव्हती, केबिनमध्येच, सीटच्या पाठीशी उभी होती. जुन्या गाड्यांची तशीच रचना. गळली, तर वास थेट बसणाऱ्याच्या मानेवर. ती टाकी आता गंजून इतकी पातळ झाली होती, की ठिगळाला धरायला पत्रा उरला नव्हता. जुन्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्याकडून त्याने नवी टाकी मागवली होती. ती आपल्या रोपांमध्ये, गोणपाटात गुंडाळून, त्याने मोठ्या लाडाने आणली.

मिस्त्रींनी वेळ नसल्याचे सांगून पाहिले. चौकातल्या गॅरेजचे नावही सुचवले. मालकाने ते ऐकूनच घेतले नाही. त्याची नात रोज याच गाडीतून, त्याच्या शेजारी बसून शाळेत जायची. तो म्हणाला, "तुमच्या तोंडून ते दोन शब्द ऐकल्याशिवाय मी पोरीला आत बसवणार नाही. महिनाभर चालत नेईन."

माणसाला शिव्या परतवता येतात; विश्वास परतवता येत नाही. मिस्त्रींनी गाडी ठेवून घेतली.

काम त्यांनी जीव ओतून केले. आधी बॅटरीची तार सोडली. सीट काढली, उरलेले पेट्रोल डब्यात उतरवले, तांब्याची नळी अलगद सोडवली, गंजलेले पट्टे तेल पाजून पाजून ढिले केले. जुनी टाकी बाहेर आली तेव्हा तिच्यामागच्या पत्र्यावर तिचा आकार उमटलेला होता. तो भाग घासला, रंगवला, वाळू दिला. टाकीखाली घालायच्या नमद्याचे, जाड दाबलेल्या लोकरीचे, नवे तुकडे बेतून चिकटवले, त्यावर नवी टाकी टेकवली, पट्टे आवळले, पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची तार जोडली. पेट्रोल भरण्याच्या तोंडाशी मात्र हात क्षणभर थबकले. नव्या टाकीची मान जुन्या टाकीपेक्षा बोटभर आखूड होती. रबरी नळी तिच्यावर जेमतेम पोहोचत होती. त्यांनी नळी दाबून बसवली, क्लॅम्प आवळला, ओढून पाहिली, निघाली नाही. पाच लिटर पेट्रोल ओतले, प्रत्येक जोडावर कोरा कागद फिरवला. कागद कोराच राहिला. एरवी इथवर आले, की हात बाजूला होत आणि नाक पुढे येई.

ते घरात गेले. पत्नी पाठमोरी पीठ मळत होती. "आलात?" ती म्हणाली. तिने वळून पाहिले नव्हते. ती कधीच पाहत नसे. एकतीस वर्षे ते दारात पाऊल टाकत, आणि तिला ते आल्याचे कळे.

त्यांनी तिला हात धुऊन यायला सांगितले. ती केबिनमध्ये बसली, पदर सारखा करून, देवळात बसावे तशी. मिस्त्रींनी काचा वर केल्या, दार लावले आणि बाहेर उभे राहून ते तिच्याबरोबर मोजू लागले. काचेआड तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. एक नाम, एक श्वास. शंभर झाल्यावर ती उतरली.

"काही नाही," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

संध्याकाळी मालक आला. मिस्त्रींनी त्याच्या नजरेला नजर दिली आणि ते म्हणाले, "बिनघोर जा." उसन्या नाकावर दिलेले ते शब्द जिभेला जड लागले, पण दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला पिकअप दारात परत उभी होती. दोन्ही काचा खाली. मालक उतरला, त्याने नातीला उचलून बाहेर घेतले. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, फ्रॉकवर ओकारीचे डाग होते. मालक आवाज न चढवता बोलला, आणि तेच वाईट होते. सकाळी त्याने टाकी काठोकाठ भरली होती. चढावर पोर म्हणाली, आजोबा, वास येतोय. तो म्हणाला, नव्या टाकीचा असेल, मिस्त्रींनी सांगितलंय. ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा तेच म्हणाला. मग ती ओकली, आणि त्याने सीटमागे हात घातला. नमदा ओला होता.

"एखादी ठिणगी पडली असती तर," तो म्हणाला.

मिस्त्री केबिनमध्ये शिरले. पोरगी लांब उभी राहून चिमटीत नाक धरून होती. त्यांनी खोल श्वास घेतला. काही नाही. दुसरा घेतला. काही नाही. मागे चाचपले, तर बोटे ओली झाली. क्लॅम्प टाकीच्या मानेवर नव्हताच. मानेच्या काठापुढे नुसत्या रबरावर आवळलेला होता. काल ओतलेले पाच लिटर तिथवर चढलेच नव्हते, म्हणून कागद कोरा राहिला होता. बोटभर मान आखूड, आणि त्या बोटभर फटीतून एका लेकराचा जीव जात होता.

पत्नी दारात आली होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले. तिचा आवाज फार हळू झाला.

"खोटं नाही बोलले. खरंच काही वेगळं वाटलं नाही हो. आत बसले तर तुम्हीच शेजारी बसल्यासारखं वाटलं."

एकतीस वर्षे त्यांच्या कपड्यांना, केसांना, उशीला जो वास होता, तो तिच्यासाठी पेट्रोलचा उरलाच नव्हता. तो तिच्या घरधन्याचा वास होता. ज्या नाकावर त्यांनी भरवसा ठेवला, ते नाक त्यांच्यावरच्या मायेने केव्हाच बधिर केले होते. तिला दोष कसा द्यावा? आणि दिला नाही, तर तो ठेवावा कुठे?

त्यांनी टाकी अर्धी उपसली, लांब नळी आणून मानेवर पूर्ण चढवली, दोन क्लॅम्प लावले, ओला नमदा काढून नवा बसवला. हातांना सगळे येत होते. संपल्यावर मालकाने विचारले, "झालं आता?"

मिस्त्री पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला वास येत नाही, मालक. हिवाळ्यापासून. चौकातल्या गॅरेजात दाखवून घ्या. पोरीला तोवर आत बसवू नका."

 मालक नातीचे दप्तर खांद्याला लावून, तिचा हात धरून चालत निघाला. काही अंतरावर गेल्यावर त्याने मागे वळून मान हलवली. ती क्षमा होती की निरोप, हे मिस्त्रींना कळले नाही. गाडी न्यायला दुपारी चौकातला गॅरेजवालाच आला. त्याने टोमणा मारला नाही.

त्या दिवशी मिस्त्रींनी कामाचे सगळे कपडे पत्नीपुढे ठेवले आणि धुऊन टाकायला सांगितले. तिने तीनदा धुतले. त्यांनी स्वतः अंग घासले, केस घासले, नखे घासली. उशीची खोळ बदलली. हुंगून पाहिले, अर्थात, काहीच नाही.

दिवस मावळला. ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसून होते. दिवा लावायचे मनात आले नव्हते, खोलीत काळोख दाटला होता. पत्नी वाळलेले कपडे घेऊन आत आली. कपडे पलंगावर ठेवले, एकेक घडी घातली, शर्टावर हात फिरवला, त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावरून गेली आणि दारातून बाहेर डोकावून तिने अंगणात हाक मारली, "अहो, कुठे आहात?"

मिस्त्रींनी ओ देण्यासाठी श्वास घेतला.