पाव फेरा

मिस्त्रींनी काम सोडून चार वर्षं झाली होती. पण समाजसुधारकाच्या जतन केलेल्या घरातली तुळई कुजल्याचं कानावर आलं, तसे ते जॅक घासूनपुसून तिथं हजर झाले.

त्या तुळईवर माडीची भिंत उभी होती. माडीवर सुधारक कामकरी मुलींना शिकवायचे. पाट्या पुरत नसत, म्हणून मुली कोळशानं भिंतीवरच लिहायच्या. ती अक्षरं अजून शाबूत होती. खालच्या कोपऱ्यातली ओळ मिस्त्रींच्या आत्याची.

"भिंत उतरवू आणि अक्षरांचे फोटो लावू," दुरुस्तीचं काम बघणारा इंजिनिअर म्हणाला.

"तुळई बदलतो. भिंत जागची हलणार नाही," मिस्त्री म्हणाले.

"आणि हलली तर?"

"तर खुशाल पाडा. मी आडवा येणार नाही."

घरी नव्वदीची आत्या वाटच बघत होती. "माझ्या अक्षराला तडा गेला तर घरात पाऊल टाकू नकोस, गधड्या!"

"आत्या, अडुसष्ट वर्षांचा आहे मी."

"मग अडुसष्ट वर्षांचा गधडा!"

आत्याच्या ओळीशेजारी एक जुनी भेग होती. मिस्त्रींनी तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भिंत केसभर सरकली तरी काच मोडणार. भिंतीचा भार तुळईवरून उचलायला खाली चार जॅक लावले. एका जॅकला पाव फेरा द्यायचा, बावीस पायऱ्या चढून काच बघायची, मग दुसरा. चारही जॅकना एकेक पाव फेरा झाला की त्या दिवसाचं काम संपलं. गुडघे बोंब मारायचे.

"असं किती दिवस?" इंजिनिअर वैतागला.

"भिंतीला विचारा."

अकराव्या दिवशी काड्कन आवाज झाला. मिस्त्री गुडघे विसरून वर धावले. काच अखंड होती. आवाज कुजक्या तुळईचा होता.

एकोणिसाव्या दिवशी कुजकी तुळई मोकळी झाली. नवी सागवानी तुळई आत सरकली. मग जॅक उतरवायचे, तेही पाव पाव फेऱ्यानं.

शेवटी दोन गड्यांनी आत्याला खुर्चीसकट माडीवर आणलं. ती वाकून बघत राहिली.

"शी! काय हे गिचमिड अक्षर! आणि ह्याच्यासाठी एवढा खटाटोप?" म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

मिस्त्रींनी कडेनं खरवडून काच सोडवली. एक ओरखडा नाही.

"ही ऑफिसात ठेवू या," इंजिनिअरनं हात पुढं केला.

मिस्त्रींनी ती खिशात घातली. "ही माझी. तुम्ही हिचा फोटो काढा."