रिकामा आलेला डबा

गाडीत प्रवासी किती चढले हे परमेश्वर कंडक्टर मोजायचा आणि डबे किती आले हे ड्रायव्हर सिद्धोधन. गंगाखेडहून सकाळी साडेसातला परभणीला सुटणाऱ्या लाल गाडीला वाटेत पाच-सहा फाटे लागत आणि प्रत्येक फाट्यावर कुणाची ना कुणाची आई पदराखाली डबा धरून उभी असे. लेकरं परभणीत खोली करून शिकणारी. खानावळीचं जेवण लेकराच्या अंगी लागत नाही, याबाबत साऱ्या आयांचं एकमत. मग डबा ड्रायव्हरकडे द्यायचा, परभणीच्या स्टँडावर लेकरानं तो घ्यायचा आणि दुपारच्या फेरीला रिकामा करून परत धाडायचा. याला ना पावती ना भाडं. सिद्धोधन डबे इंजिनाच्या झाकणावर ओळीनं मांडायचा, म्हणजे भाजी परभणीपर्यंत गरम राहायची.

बावीस वर्षं तो हे करत होता. ज्या गावांत त्याच्या वडलांना ओंजळीत वरून पाणी वाढायचे, त्याच गावांतले डबे आता त्याच्या मांडीला लागून शहरात जात होते. याचं त्याला पहिल्यांदा अप्रूप वाटलं, मग थोडं हसू आलं आणि पुढं सवय झाली. आयुष्यातली निम्मी जेवणं त्यानं स्टँडावरच्या बाकड्यावर उरकली होती. घरचं लग्न असो की मयत, तो पोचायचा तेव्हा मंडळी हात धुऊन पांगलेली असायची.

डब्यांचा एक अलिखित नियम होता. कुणी डबा न्यायला आलंच नाही, तर तो ड्रायव्हर-कंडक्टरनं खायचा, विसळायचा आणि रिकामा परत द्यायचा. भरलेला डबा परत पाहिला की आईचा जीव थोडा थोडा होतो, म्हणून. नियम भल्या मनानंच झाला होता. सिद्धोधनचं घर मात्र त्याच नियमानं खचलं.

त्याची लेक धम्मशीला परभणीत बी.एस्सी.ला होती. तिचा डबा तो स्वतःच घरून घेऊन निघायचा. तीन वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, एका गुरुवारी ती डबा न्यायला आली नाही. फोन बंद. प्रॅक्टिकल असेल, चार्जिंग संपलं असेल, असं म्हणत त्यानं दुपारी डबा उघडला आणि परमेश्वरला एक भाकरी देऊन बाकीचं खाऊन टाकलं. भूक कडकडून लागली होती, आमटी झकास झाली होती. संध्याकाळी बायको सत्यशीलानं रिकामा डबा हातात घेऊन विचारलं, खाल्ला का तिनं? तो म्हणाला, खाल्ला की. एवढंच खोटं. लेक तेव्हा खोलीत तापानं फणफणत पडली होती. शुक्रवारी त्याची सुट्टी. शनिवारी घरमालकाचा फोन आला आणि रविवारी सगळं संपलं. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला.

लेकीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या बायांना सत्यशीला एकच गोष्ट सांगत होती: गुरुवारी तर तिनं डबा सगळा खाल्ला होता. ते ऐकून सिद्धोधन उठून बाहेर गेला तो दिवसभर आत आला नाही. खरं सांगायचं धाडस त्याला त्या दिवशी झालं नाही आणि पुढं रोज थोडं थोडं कमीच होत गेलं. घरात एक फरक पडला होता. सत्यशीला शिळं म्हणून काही ठेवत नव्हती. सकाळची भाजी दुपारी म्हशीपुढं ओतायची. दुःखानं माणूस विचित्र होतं, असं समजून त्यानं कधी विचारलं नाही. त्यानं स्वतः मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या डब्यातला घास तोंडात घातला नव्हता.

यंदाच्या दिवाळीनंतर दोन दिवस रजा काढून तो बुधवारी कामावर आला. दैठण्याच्या अलीकडच्या फाट्यावर बायनाबाई उभी होती. दोन एकरवाली बाई, लेक मंजुषा परभणीत शिकायला. तिनं पिवळ्या फडक्यात बांधलेला डबा खिडकीतून वर दिला. पोरीची परीक्षा हाय म्हणून ती दिवाळी सोडून लवकर गेली, खोलीवरच्या दुसऱ्या पोरी अजून गावाकडंच हायत, असं सांगता सांगता ती सहज बोलून गेली, "दोन दिस झालं फोन लागंना बगा भाऊ तिचा. पर डबा रिकामा यायलाय, म्हंजी बरी असंल."

परमेश्वरनं घंटी मारली. सिद्धोधननं सवयीनं गिअर टाकला आणि गाडी पाचशे पावलं पुढं गेल्यावर ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं आरशात पाहत परमेश्वरला हाक मारून पुढं बोलावलं आणि विचारलं, काल-परवा मंजुषा डबा न्यायला आली होती का?

परमेश्वर म्हणजे आधी पोटोबा मग विठोबा. तो खुशीत म्हणाला, "कुटं आली दादा? दोन्ही दिस बदली डायवरनं अन् मीच खाल्ला. लय झकास मेथी व्हती." आणि सिद्धोधनचं तोंड आरशात पाहून त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. तीन वर्षांपूर्वीची ती एक भाकरी त्यालाही आठवली असावी. तो मागं जाऊन बसला.

आता परभणी तीस किलोमीटर. गाडी मागं वळवून बायनाबाईला सांगावं तर ती बाई फाट्यावर जागीच बसेल आणि वेळ जाईल तो जाईलच. खोलीवर दुसरं कुणी नाही, घरमालकाचा नंबर कुणाकडं नाही. गाडीत साठ माणसं. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चाललेला, आणि रस्त्याचं काम चालू असल्यानं एकेरी वाहतूक. सिद्धोधननं बावीस वर्षांत विनाकारण हॉर्न वाजवला नव्हता. त्या दिवशी तो हॉर्नवरचा हात काढीना. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून शिवी दिली. एक म्हातारा म्हणाला, डायवरला सासुरवाडीला जायचंय वाटतं. लोक हसले. सिद्धोधन मनातल्या मनात हिशेब करत होता: सोमवार, मंगळवार, आज बुधवार. धम्मशीलाला गुरुवारी ताप होता आणि शनिवारपर्यंत कुणी दार ठोठावलं नव्हतं. म्हणजे अजून वेळ असेल. किंवा नसेल.

वाटेत एका फाट्यावर हात करणाऱ्या दोन बाया त्यानं तशाच सोडल्या. हेही बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

नऊला पाच कमी असताना गाडी स्टँडात लागली. पोरं-पोरी डब्यांसाठी दाराशी जमल्या. एकेक डबा उचलला गेला आणि झाकणावर पिवळ्या फडक्याचा तेवढा उरला. परतीची वेळ सव्वानऊ. गाडी टाकून ड्रायव्हर गेला तर चार्जशीट ठरलेली. शिवाय वाटेत बाया सोडल्याची तक्रार आली तर वेगळीच. परमेश्वर म्हणाला, येईल की दादा, दहा मिनिटं बघू. सिद्धोधननं त्याच्याकडं असं पाहिलं की तो लगेच म्हणाला, "जा तुमी. मी सायबाला सांगतो."

डबा न्यायला आलेली बबिता मंजुषाच्याच वर्गात होती. तिला खोली माहीत होती. दोघं रिक्षात बसली. मंजुषा परवाच्या पेपरलाही नव्हती, असं बबितानं वाटेत सांगितलं; तिला वाटलं, अभ्यास झाला नसेल म्हणून आली नाही. सगळ्यांनाच काही ना काही वाटलं होतं. पिवळा डबा सिद्धोधनच्या मांडीवर होता आणि तो का आणला हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

वसमत रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखालची खोली. दाराला आतून कडी. बबितानं हाका मारल्या, कुणी ओ देईना. शेजारची बाई म्हणाली, पोरगी अभ्यास करत असते, दार उघडत नाही. अशाच एका दारासमोर सिद्धोधन तीन वर्षांपूर्वी उभा होता, तेव्हा दार उघडंच होतं आणि आत बायांची गर्दी होती. त्यानं डबा पायरीवर ठेवला आणि दाराला खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला कडी खिळ्यांसकट निघाली.

मंजुषा जमिनीवर चटईवर पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ फुटलेले, उशाशी रिकामा तांब्या. सिद्धोधन दारातच थबकला, पुढं जाववेना. बबितानं वाकून तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "काका, जिती हाय," ती म्हणाली. तेव्हा कुठं त्याच्या अंगात हालचाल आली. त्यानं पोरीला दोन्ही हातांवर उचललं. ती काहीतरी पुटपुटत होती. आईला सांगू नका, तिला रान सोडून यावं लागंल, असं काहीसं.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी तपासलं, सलाईन लावली, रक्त काढलं आणि सिद्धोधनकडं वळून खडसावलं, "तीन दिवसांचा ताप आहे. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

हा प्रश्न त्याला तीन वर्षांपूर्वीही एका डॉक्टरनं विचारला होता. त्याचा चेहरा पाहून डॉक्टर बाईंनी आवाज उतरवला. पेशी कमी झाल्यात, पण वेळेत आणलंय, सावरेल, म्हणाल्या. बबिता उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजू लागली.

स्टँडात तो पोचला तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. गाडीतले लोक खवळले होते, काही उतरून दुसऱ्या गाडीनं गेले होते. साहेबांनी कारण ऐकलं, मान हलवली आणि कागद पुढं सरकवलाच. कागदाचं काम कागदानं केलं पाहिजे ना. सिद्धोधननं सही केली आणि गाडी काढली.

परतीच्या वाटेवर, फाट्याला लागून असलेल्या वावरात बायनाबाई कापूस वेचत होती. त्यानं गाडी थांबवली. चढणारं-उतरणारं कुणी नसताना गाडी थांबलेली पाहून ती धावत आली. पिवळा डबा तिच्या हातात गेला, आणि ओझं कळताच तिचा चेहरा उतरला. तो खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिला आणि सरळ बोलला, "भरलेला हाय. आजचा तिनं खाल्ला न्हाई, कालचा बी न्हाई आन् परवाचा बी न्हाई. ते दोन आमच्या मानसांनी खाल्ले. तिला ताप हाय, दवाखान्यात हाय, बोलायली. तुमी ह्याच्या पुढच्या फेरीला माझ्यासंगं चला."

बायनाबाईनं त्याला बोल लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं डबा छातीशी धरला आणि विचारलं, "मग मला रिकामा कामून दिला, भाऊ?"

"तुमाला वाईट वाटू न्हाई म्हनून," तो म्हणाला. बोलताना ते किती पोकळ आहे हे त्याला ऐकू आलं. गाडीतून परमेश्वर सगळं ऐकत होता. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि परमेश्वरच्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

बायनाबाईला दुपारच्या फेरीनं लेकीपाशी पोचवून सिद्धोधन घरी आला तेव्हा दिवस कलला होता. सत्यशीला चुलीपुढं भाकरी थापत होती. तो हात-पाय न धुताच उंबऱ्यावर बसला आणि त्यानं मंजुषाचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, डोळे पुसले, बरं केलंत म्हणाली. एवढ्यावर थांबला असता तर तो त्या दिवसापुरता भला माणूस ठरून जेवून झोपला असता. पण बायनाबाईचा प्रश्न त्याच्या मागोमाग घरापर्यंत आला होता.

"सत्यशीला," तो म्हणाला, "आपल्या धम्माचा गुरुवारचा डबा तिनं खाल्ला न्हवता. ती आलीच न्हवती. मी खाल्ला. तुला खोटं बोललो."

तिचा हात परातीत तसाच राहिला. मग ती म्हणाली, "म्हंजी लेक उपाशी व्हती."

"हाव."

ती आता ओरडेल, अंगावर धावून येईल, याची तो वाट पाहत होता. तीन वर्षं तो याच घटकेला भीत आला होता. तिनं पुढं होऊन हळूच विचारलं, "समदा तुमी खाल्ला? आमटी बी?"

"एक भाकर परमेश्वरला दिली. आमटी समदी मीच खाल्ली."

"ती आमटी आदल्या रातीची व्हती," सत्यशीला म्हणाली. "सोयाबीनला जायची घाई व्हती. वास घेऊन बगितला, बरा वाटला, गरम करून घातली. डबा चाटूनपुसून आला. तवापून मला वाटायलंय, मीच माझ्या लेकीला शिळं घालून मारलं."

म्हशीपुढं ओतलेल्या तीन वर्षांच्या भाज्या सिद्धोधनला एकदम कळल्या. डॉक्टरनं डासाचं सांगितलं होतं की, तो म्हणाला.

"डॉक्टरला काय ठावं डब्यात काय व्हतं?" ती म्हणाली. आणि त्याच्या अगदी जवळ येऊन, पिठाच्या हातानं त्याचा सदरा धरून तिनं विचारलं, "तुमचं पोट दुखलं का त्यानं? उलटी? काई तरी झालं असंल."

"काईच न्हाई झालं. दुसऱ्या दिशी मी रानात दिवसभर पानी दिलं."

"खरं सांगायलेत का आता तरी?"

"खरं."

तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिनं सदरा सोडला नाही. तिनं पुन्हा तेच विचारलं आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं. पोट दुखलं नव्हतं. आमटी चांगली होती. ती रडत रडत विचारत राहिली आणि तो तितक्या वेळा सांगत राहिला.