तुमची एक भेट हवी

पार्सल ऑफिसच्या तीन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला सगळे ‘भेटमास्तर’ म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. पण कुणाला काय द्यावं हा प्रश्न पडला की लोक त्या खिडकीशी येत आणि उत्तर घेऊन जात.

सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. खोकं काट्यावर ठेवायचं, वजन लिहायचं, चिकटपट्टी मारायची, शिक्का हाणायचा, पावती फाडायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मायेचं वजन करून उजवा खांदा कामातून गेला होता. पण कोण काय पाठवतं हे बघून बघून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. भारी वस्तू देणं सोपं, खिसा हलका केला की झालं. हलकी वस्तू द्यायची म्हणजे डोकं चालवावं लागतं.

आणि ते चालवत. झाडणाऱ्या बाईंच्या टाचा दुखतात हे त्यांनी ऐकलेलं असायचं, मग त्यांना मऊ तळव्यांच्या चपला. किल्ल्या हरवणाऱ्या साहेबांना गळ्यात अडकवायची जाड दोरी. साहेब आधी फुरंगटले, पण नंतर दोरी गळ्यातून काढेनात. मास्तर कुणालाही ‘तुला काय हवं’ असं विचारत नसत. “विचारून दिली तर ती ऑर्डर, न विचारता दिली तर भेट,” असं ते म्हणत आणि म्हणताना मान थोडी ताठ होई.

बायको मात्र या थोरवीला भीक घालत नसे. “जगाचं मन ओळखता,” ती म्हणायची, “आणि न्हाणीघरातला दिवा बदला म्हणून महिनाभर कानीकपाळी ओरडतेय, ते ओळखू येत नाही.” हल्ली मास्तर एकूणच कमी बोलत. घरी आले की भिंतीला टेकून बसत आणि बूट काढायचं राहून जाई. झोपून उठलं तरी न जाणारा असा एक थकवा त्यांच्या अंगात मुरला होता.

त्या थकव्यात एक गोष्ट अशी होती, जी ते बायकोलाही सांगत नसत.

त्यांची थोरली बहीण सहा तासांवर राहायची. आई लवकर गेली, तेव्हा या धाकट्याला तिनेच वाढवलं होतं. चार वर्षांपूर्वी दाजी गेले. फोन भरदुपारी आला, खिडकीसमोर रांग होती. साहेबांनी रजा नाकारली नाही, कारण मास्तरांनी ती मागितलीच नाही. ताई रडताना बघायची त्यांना भीती वाटली, एवढीच खरी गोष्ट. त्यांनी तिसऱ्या दिवशी एक उबदार पांघरूण पाठवलं, चांगलं निवडून. ताईचा फोन आला, “पांघरूण छान आहे.” पुढे एक शब्द नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर कुठल्या तोंडाने जायचं म्हणून ते गेलेच नाहीत. वर्षातून दोनदा पार्सल मात्र न चुकता जाई. आधी लाजेने गेले नाहीत आणि मग न गेल्याची लाज वाटू लागली, असं ते चक्र होतं.

एके दिवशी भाचीचा निरोप आला. ताईची नजर फार अधू झाली होती, तिला एकटं ठेवणं धोक्याचं होतं. भाची तिला आपल्या घरी नेणार होती, आगगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. तिथून परत येणं व्हायचं नाही. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, “मामा, निघण्याआधी तुमची एक भेट हवी, असं आई म्हणतेय. बाकी काही नको.”

दुसऱ्या कुणी हे वाचलं असतं तर पिशवी भरून बसस्टँड गाठला असता. पण सव्वीस वर्षं पार्सलच्या खिडकीत काढलेल्या माणसाला भेट म्हटलं की खोकंच दिसणार! मास्तर हरखले. ताईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. कसली हवी, हे विचारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी उत्तर लिहिलं, “नक्की. तुम्ही निघायच्या आत.” भाचीने कळवलं, आई खूश झाली.

तीन आठवडे ते दुकानं धुंडाळत राहिले. कामावरून सुटून बाजारात, बाजारातून रिकाम्या हातांनी घरी. शेवटी सुचलं. ताईला शिवणाची आवड, पण सुईत दोरा ओवणं तिला आता जमणार नाही. त्यांनी दोन डझन सुया आणल्या आणि तीन संध्याकाळी बसून प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा लांब दोरा ओवला. डोळ्यांना पाणी यायला लागलं तेव्हा बायकोने काळे दोरे ओवून दिले. सुया मऊ उशीत ओळीने टोचल्या, खोकं बांधलं आणि आपल्याच खिडकीतून पाठवलं. इतकी अचूक वस्तू आपण कधीच दिली नाही, असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी ऑफिसात फोन आला. ताई स्वतः बोलत होती.

“पार्सल मिळालं. सुया छान आहेत. तू कधी पोचतोस?”

“कुठे?”

“अरे कुठे म्हणजे? माझ्याकडे. भेट हवी म्हटलं तर नक्की म्हणालास ना? तीन रविवार मी कुठे गेले नाही. परवा दुपारी दोनला आमची गाडी आहे.”

मास्तरांच्या हातात शिक्का होता, तो तसाच राहिला. समोरचा माणूस पावतीसाठी ताटकळत होता.

“ताई, मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“काही नाही. येतो.”

परवाची रजा मागायला गेले तेव्हा साहेबांनी हसून विचारलं, “मास्तर, यावेळी काय नेताय?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. साहेबांना तो विनोद वाटला.

पहाटेची पहिली बस त्यांनी धरली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि बसमध्येही ते जागेच राहिले. एकच वाक्य मनात घोकत होते, आणि प्रत्येक थांब्यावर ते वेगळं होत होतं. उतरल्यावर पाय आपोआप एका दुकानाकडे वळले. रिकामे हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. एक कंगवा उचलला, पुन्हा ठेवला. “घ्यायचं नसेल तर हाताळू नका,” दुकानदार खेकसला. मास्तर बाहेर पडले.

ताईचं घर आवरून झालं होतं. भिंतीशी बोचकी, मधे एक खुर्ची, एक ट्रंक. ताईने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून नाकाजवळ ओढला.

“धाकट्या, केस कुठे गेले रे?”

“पिकले आणि गेले.”

“खुर्चीत बस. मी शेजारून चहा आणवते, आमची भांडी बांधली गेली.”

मास्तर बसले. चहा आला की बोलू, असं त्यांनी ठरवलं. मागे डोकं टेकवलं आणि त्यांना झोप लागली.

जाग आली ती भाचीच्या हाकेने. “आई, खाली रिक्षा आलीय.” दीड वाजायला आला होता. चहावर साय धरली होती. ताई समोरच्या ट्रंकेवर बसून त्यांच्याकडेच तोंड करून होती.

“मला उठवायचं नाही का!” मास्तर दचकून ओरडले. त्यांना अक्षरशः रडू फुटायच्या बेतात होतं. “अडीच तास! मी बोलायला आलो होतो, ताई!”

“दमला होतास. आणि मी भेट मागितली होती, भाषण नाही.” ती उठली. “लहानपणासारखाच घोरतोस.”

भाची बोचकी घेऊन पुढे गेली. जिना अंधारा होता. वरच्या पायरीवर मास्तर थांबले आणि बसभर घोकलेलं सगळं सोडून एवढंच म्हणाले, “दाजी गेले तेव्हा मी आलो नाही.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “मी होते ना तिथे.”

आता ती म्हणेल, जाऊ दे रे, झालं गेलं. मास्तरांनी वाट पाहिली. ती तसं म्हणाली नाही. तिने नुसता हात पुढे केला, कारण जिन्यात तिला काही दिसत नव्हतं.

“धर. आणि पायऱ्या संपल्या की सांग.”

एकेक पायरी करत दोघं उतरली. ताईची पकड अजून घट्ट होती.

“संपल्या,” मास्तर म्हणाले.

“कळलं,” ताई म्हणाली. पण हात तिने सोडला नाही.