बुधवारचं पाणी

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कारखान्यांबद्दल बोलण्याइतका माझा अभ्यास नाही आणि मोर्चात मी कधी झेंडाही धरलेला नाही. तरी लिहितो आहे. आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

सोजरमावशींनी पाण्याचा तांब्या कारखान्याच्या लॅबमधल्या माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यात बोटं बुडव, लेकरा."

मी बुडवली. साबण न लावताच बोटं बुळबुळीत झाली.

"ही आमची हीर," त्या म्हणाल्या.

आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी हंगामापुरता लॅब असिस्टंट होतो. उसाचा रस तपासायचा आणि आठवड्यातून एकदा ओढ्यात सोडलेल्या पाण्याचं सॅम्पल, म्हणजे नमुना घ्यायचा. ओढ्याच्या खालच्या अंगाला मावशींची बौद्ध वस्ती. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीनं स्वतः खणलेली विहीर काठावरच होती. त्याआधी गावच्या विहिरीवर दुसऱ्या कुणी वरून पाणी ओतेपर्यंत ताटकळावं लागायचं. ही विहीर गेली तर पुन्हा तिथंच जाऊन उभं राहायचं.

मावशींची तक्रार ऐकून चीफ केमिस्ट साहेब म्हणाले, "आपले रिपोर्ट साफ आहेत. रजिस्टर घेऊन जा, वाचून दाखव."

मी गेलो. वस्तीच्या पारावर बाया जमल्या. मी तारीख, वार आणि आकडे वाचत गेलो. चौथ्या ओळीला मावशींनी हात वर केला.

"थांब. समदे सोमवारच हायेत की. पानी तर बुधवारी बुळबुळतं. बुधवारी कुठं जातो तू?"

"बुधवारी त्याचा उपास असंल!" मागून कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या. माझे कान तापले.

बुधवारी कारखान्यात क्लिनिंग असे. रस आटवायच्या भांड्यांत आतून थर बसतो, तो काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. ते पाणी गटारातून ओढ्याला जायचं. सॅम्पल सोमवारी का? माझ्या आधीचा सोमवारी घेत होता, म्हणून. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "रोजगार हमीच्या कामावर मुकादम हजेरीचं मस्टर घरी बसून लिव्हायचा. आमी बाया अडून बसलो. रोज सांजच्याला, समद्यांम्होरं, मोठ्यानं वाच म्हनलं. लिव्हलेला खाडा भांडता येतो. जो दिस लिव्हलाच न्हाय, त्याच्याशी कसं भांडावं? तुमच्या वहीलाबी त्योच कायदा लावा."

मी साहेबांना सांगितलं. ते वैतागले. "आपण कारखाना चालवतो का ग्रामसभा?"

"साहेब," मी अडखळलो, "बुधवारचं एकदाच घेऊन बघू."

बुधवारी लाल लिटमस पाण्यात बुडवताच निळा झाला. साहेबांनी ती नोंद स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिली. मग म्हणाले, "चल. मी वाचतो."

त्या संध्याकाळी पारावर त्यांनीच वाचलं. मधेच आवाज बसला. मावशींनी उठून त्यांना पाणी दिलं, हंड्यातलं, लांबून आणलेलं. "सावकाश वाचा, सायेब. आमाला घाई न्हाय."

पुढच्या आठवड्यात कॉस्टिकसाठी वेगळी पक्की टाकी बांधायला घेतली. तोच सोडा पुढच्या क्लिनिंगला वापरता येतो, म्हणून संचालक मंडळही फार कुरकुरलं नाही. रोजचं सॅम्पल रोज संध्याकाळी पारावर वाचायचं ठरलं. वस्तीनं विहीर दोनदा उपसली, तरी पाणी निवळलं नव्हतं. हंगाम संपला आणि मी कॉलेजला परतलो.

त्या नोकरीत मी एवढंच शिकलो की मोजायचं कसं हे आम्हाला ठाऊक होतं, पण कधी मोजायचं हे पाणी भरणारीला विचारायला हवं होतं. पाठ्यपुस्तकात हे नव्हतं.

पुढं दोन पावसाळे काहीच कळलं नाही. पत्र लिहून विचारायचा धीर होत नव्हता. मग साहेबांचंच कार्ड आलं. मावशींच्या नातीचं लग्न झालं. सगळा स्वयंपाक वस्तीच्या विहिरीच्या पाण्यावर. गावातली माणसंही पंगतीला बसली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मी आमटी दोनदा मागून घेतली.