खाली न ठेवलेली मुलगी

मुलगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी वाढीच्या तक्त्यावर पेन टेकवून विचारलं, "रांगते का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. कार्ल्याला परतताना नवरा रिक्षात मोबाइलवर आजारांची नावं वाचत होता. मीही त्याला गप्प बस म्हटलं नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं, पोरगी रांगत नाही, पुण्याला न्यायचीय.

"रांगंल कुटं?" त्या म्हणाल्या. "खाली ठेवली कवा आपुन तिला?"

खरंच होतं. आमच्याकडे जूनपासून फरशीला ओल सुटते आणि अशा फरशीवर तान्हं मूल कुणी ठेवत नाही. ती झोळीतून माझ्या मांडीवर यायची, तिथून सासूबाईंच्या कडेवर आणि परत झोळीत. चार महिने तिचे गुडघे जमिनीला लागले नव्हते, आणि आम्ही संशय घेत होतो तिच्या मेंदूवर. डॉक्टरबाईंनी रांगते का विचारलं, पण मूल ठेवता कुठे, हे नाही विचारलं.

सासूबाईंनी सतरंजीवर घोंगडी टाकून तिला पालथं ठेवलं. पंधरा दिवसांत ती रांगत उंबऱ्यापर्यंत गेली.

तिला उचलून घ्यायला आम्ही तिघंही धावलो.