काल तुम्ही येऊन गेलात की

अमावास्येच्या संध्याकाळी मी मुद्दाम नखं कापत असे. मोठी मावशी घरी आलेली असली तर तिच्यासमोर बसून, नेलकटरचा आवाज करत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आणि भुताखेतांचा विषय निघाला की मुलींना सांगायचे, "आधी पुरावा आणा, मग बोलू." सांगायचा मुद्दा हा की, गूढ अनुभवांच्या अशा सदरासाठी लिहिणारी मी बाई नव्हे. पण आता वय झालं, आणि ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यातलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यात नोकरीला, लग्न केलेलं नाही. आईला अर्धांगवायू झाला होता, वाचाही गेली होती. तीन वर्षं शाळा आणि आई, एवढंच माझं जग. त्या पावसाळ्यात आई गेली. नाताळच्या सुट्टीत भाऊ म्हणाला, "मुंबईला ये." मी नाही म्हटलं. मला कुणाचंही सांत्वन नको होतं. कॉलेजमधली मैत्रीण नलिनी सोलापुरात होती. तिचे यजमान तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तिनं पत्र पाठवलं – "एकटीच ये. घरी बसवून ठेवणार नाही. हे तुझा तीन दिवसांचा भरगच्च प्रोग्राम आखून देतात. पक्षी बघ, माळ बघ, नदी बघ."

बाईमाणसानं एकटीनं असं फिरायला जायचं ही तेव्हा काही रोजची गोष्ट नव्हती. बसमध्ये शेजारच्या आजीबाईंनी "कोण आजारी आहे का सोलापुरात?" असं विचारलं. मी म्हटलं, "नाही, पक्षी बघायला चाललेय." त्यांनी मग पुढे काही विचारलं नाही.

तो गुरुवार. सबंध दिवस एसटीत गेला आणि दिवेलागणीला मी नलिनीकडे पोचले. हे लक्षात ठेवा.

माझ्यासोबत फिरायला माने सर होते. पन्नाशी उलटलेले, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. आवाज ग्राऊंडवरचा. बाहेरगावची माणसं आली की त्यांना माळरानावर फिरवायची हौस. पक्ष्यांचं ज्ञान बेताचंच... लहान आणि मातकट दिसला की त्यांच्या दृष्टीनं तो चंडोल. पण कुठल्या माळावर कधी जायचं, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड, कुठली एसटी चुकवायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत.

शुक्रवारी सकाळी आम्ही नान्नजच्या माळावर गेलो. गवत वाळून पिवळं झालेलं, वारा बोचरा. तासभर काहीच नाही. मग सरांनी माझा दंड धरायला हात पुढे केला, संकोचून मागे घेतला, आणि नुसतंच बोट दाखवलं. माळढोक! मान ताठ, पावलं सावकाश, जसा काही सगळ्या माळाची पाहणी करायला आलेला मालक. बायनॉक्युलर डोळ्यांवरून काढवेना. आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी हसले असेन.

तेवढ्यात मागून मेंढरं घेऊन एक धनगर आला. खांद्यावर घोंगडी, वयस्कर माणूस. माझ्याकडे बघून म्हणाला, "आज गावला बगा तुमाला. काल लई येळ बसल्ता, पर दिसला न्हाई."

मी म्हटलं, "काल? मी काल नव्हते हो इथं."

"आसं कसं? त्या तितं दगडावर बसल्ता की. ह्योच चष्मा, गळ्यात ही दुर्बीण. एकट्याच. म्या राम राम बी केला."

माने सर मोठ्यानं हसले. "म्हणजे काल कुणीतरी माझं गिऱ्हाईक पळवलं म्हणायचं!"

धनगर हसला नाही. "मला काय करायचं," म्हणाला, आणि मेंढरांमागं निघून गेला. मी विषय सोडून दिला. म्हटलं, असेल कुणी दुसरी.

दुपारी जेवून आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो. बदकं उतरली होती, ऊन कलत होतं. काठावर एका माणसाचं चहाचं खोपट होतं. आम्ही बाकावर टेकलो. सरांनी दोन बोटं दाखवली. थोड्या वेळानं त्यानं सरांच्या हातात एक कप दिला, आणि दुसरा माझ्यासमोर ठेवत म्हणाला, "तुमचा बिनसाखरेचा. कालच्यासारखा."

मी लहानपणापासून बिनसाखरेचा चहा पिते. त्या काळी हे कुणाला सांगितलं तर "डायबिटीस आहे का?" विचारायचे. सोलापुरात नलिनीशिवाय ही गोष्ट कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना म्हटलं, "नलिनीनं सांगितलं असेल तुम्हाला."

"मला? नाही बुवा," ते म्हणाले.

घरी येऊन नलिनीला विचारलं, तुम्ही मिळून माझी थट्टा करताय का? तिनं गळ्याची शपथ घेतली. मी शपथा मानत नाही, पण तिचा चेहरा खोटा नव्हता. झोप मात्र मला चांगली लागली. तोवर मला हे सगळं गमतीचंच वाटत होतं.

शनिवारी उजनी. पहाटेच्या पॅसेंजरनं जेऊर, तिथून मिळेल त्या वाहनानं, पुढं पायी. धरण पुरं व्हायचं होतं, पण पाणी अडायला लागलं होतं आणि काठची गावं हलत होती. आम्ही गेलो त्या गावाचं नाव देत नाही. आता ते पाण्याखाली आहे. पाण्याकडेला पट्टकदंब बसले होते, डोक्यावर काळे पट्टे असलेले ते हंस. हजारो मैलांवरून आलेले. सर त्यांना "परदेशी पाहुणे" म्हणत होते. तिथं त्यांनी चंडोल म्हटलं नाही, हे नशीब.

ऊन वाढलं तसे आम्ही गावात शिरलो. अर्धी घरं उतरवलेली. दारं, चौकटी, तुळया बैलगाड्यांत भरलेल्या. एका घराचं छप्पर निघालं होतं, फक्त एक खोली शाबूत होती. तिच्या दारात चाळिशीची एक बाई भांडी पोत्यात भरत बसली होती. मला बघताच उठली, हात पुसले.

"आलात व्हय बाई? या की. आत्याबाई सकाळधरनं इचारत्यात, ती कालची बाई येनार हाय का म्हनून."

मी सरांकडे पाहिलं. सर एकदम पुढं झाले. "बाई, काल ह्या इथं नव्हत्या. काल दिवसभर माझ्यासोबत होत्या, नान्नजला."

ती गोंधळली. "आवो, आसं काय करता? हितंच तर बसल्या व्हत्या. आत्याबाईंचे पाय दाबले, लई येळ."

आत बाजेवर एक म्हातारी पडून होती. तिची सून म्हणजे ही पारूबाई. सगळं गाव हलत होतं, पण म्हातारीला नेणं जड जात होतं म्हणून यांचं घर मागं राहिलं होतं. मी आत गेले. म्हातारीनं माझा हात धरला आणि आपल्या घोट्यावर ठेवला. जणू ठरलेलंच काम. मी बसले. पाय दाबायला लागले. दुसरं काय करणार? तीन वर्षं तेच केलं होतं.

पारूबाई चौकटीला टेकून म्हणाली, "काल तुमी लई शांत व्हता बाई. आज का अशा भ्यालावानी?"

मी विचारलं, "काल... मी काय बोलले?"

"आता तुमीच बोलला आन मलाच इचारता?" ती हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "तुमच्या आईचं सांगितलं की. पडून व्हती, बोलत नव्हती म्हनून. आन जायच्या येळंला बोलली – वसूला उटवू नगा, झोपू द्या, दमलीया. शेजारनीनं तिचं ऐकलं, उटवलं न्हाई. तिनं बरंच केलं, आसं म्हनाला तुमी."

इथं वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. आई गेली ती पहाटे. आदल्या रात्री मी तिच्याजवळ बसून होते. पहाटे शेजारच्या सुशीलाकाकू आल्या, म्हणाल्या, "जरा आडवी हो, मी बसते." मी शेजारच्या खोलीत झोपले. जाग आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. "मला उठवलं का नाही?" असं मी काकूंना सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं. भिंतीला भिंत लागून घर, आणि मी त्यांच्या अंगणातून नजर न वळवता जायचे.

आई शेवटी काही बोलली, हे मला ठाऊक नव्हतं. बोलणं शक्यच नव्हतं. आणि वसू हे माझं घरातलं नाव. माने सर मला "बाई" म्हणायचे, नलिनीसुद्धा "वसुधा" म्हणायची.

मी किती वेळ तिथं बसले होते कुणास ठाऊक. निघताना म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. पारूबाईनं गूळ-शेंगदाणे पुढं केले आणि म्हणाली, "काल न्हाई म्हनालात, आज तरी घ्या." मी घेतले.

परतीच्या गाडीत माने सर समोर बसले होते. कुर्डुवाडी गेल्यावर म्हणाले, "बाई, काल तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर होता. कुठंही, कुणापुढंही सांगीन." मग म्हणाले, "पण नका सांगू कुणाला. मला लोक खुळ्यात काढतील." मी हो म्हटलं. नलिनी आणि आणखी एक माणूस सोडलं, तर ते असेपर्यंत मी हा शब्द पाळला.

रविवारचा प्रोग्राम रद्द करावा असं नलिनीचं म्हणणं. मी ऐकलं नाही. आता मला भीती वाटत नव्हती, उलट घाई झाली होती. भीमा-सीनेच्या संगमावर गेलो. पाणी संथ, पलीकडच्या खडकावर करकोचे. पण मी पक्षी बघतच नव्हते. दिसेल त्या माणसाला विचारत होते, "काल मी इथं आले होते का हो?" कपडे धुणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून कानडीत काहीतरी बोलल्या आणि खुदखुदल्या. देवळातल्या गुरवानं मला नीट न्याहाळलं.

"काल? न्हाई बा. तुमाला आज पयल्यांदाच बगतोय."

"नक्की?"

"हितं बायामाणसं एकटी येत न्हाईत. आल्या असत्या तर ध्यानात ऱ्हायलं असतं की."

खरं सांगते, मला बरं वाटायला हवं होतं. पण गर्दीत कुणाचा तरी हात सुटावा तसं झालं.

सोमवारी संध्याकाळी साताऱ्यात उतरले. बॅग पायरीवर ठेवली आणि कुलूप न उघडताच काकूंच्या दारात गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मला बघून काड्या हातातच राहिल्या. बोलायचं कसं ते मी बसमध्ये ठरवलं होतं. विज्ञानाची शिक्षिका ना... शब्द आपण आधी सांगायचे नाहीत, समोरच्याकडून यायला हवेत.

"काकू, आई त्या पहाटे काही बोलली होती का?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे बोलली होती?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "'वसूला उठवू नका,' म्हणाली. अगदी स्पष्ट. 'झोपू द्या, दमलीय.' मी दारापर्यंत आले होते गं तुला उठवायला. पण तीन वर्षांत त्या माउलीनं तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं ते एवढं सांगायला. माझ्याच्यानं मोडवेना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडली होतीस. म्हणाली असतीस, काकू स्वतःचं झाकायला आईच्या तोंडी घालतायत. तूच म्हणतेस ना, पुरावा आणा? मी कुठून आणणार होते पुरावा?"

मी तिथंच पायरीवर बसले. रडले वगैरे नाही. मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले. भाजी फोडणीला पडेपर्यंत मी काकूंना सगळं सांगितलं. माळावरचं, चहाचं, पारूबाईचं. त्यांनी मधे एकदाही "काहीतरीच काय" म्हटलं नाही. फक्त शेवटी विचारलं, "त्या म्हातारीला नेलं का गं मग नव्या गावात?"

नेलं असावं. पुढच्या वर्षी मी माने सरांना पत्र घालून चौकशी करायला सांगितली. ते जाऊन आले. गाव उठलं होतं, पाणी चढलं होतं, आणि पारूबाईच्या घरचे नव्या गावठाणात गेलेत की कुठल्या नातेवाइकांकडे, हे कुणी धड सांगेना.

मी पुष्कळ डोकं चालवलं आहे. दुसरी कुणी बाई होती? असेल. चष्मा, दुर्बीण, बिनसाखरेचा चहा, हेही योगायोग मानते. पण ते शब्द फक्त दोन माणसांना ठाऊक होते. एक गेलेली होती, आणि दुसरीनं ते कुणाजवळ काढले नव्हते. काकूंना मी पुनःपुन्हा विचारलं. खोटं बोलणाऱ्या त्या नव्हत्या, आणि सोलापूर तर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलींनी हा पुरावा माझ्यासमोर ठेवला असता तर मी काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही.

काकू त्यानंतर खूप वर्षं जगल्या. त्यांची मुलं लांब होती, शेवटच्या आजारपणात मीच सोबतीला होते. त्या गेल्या तेव्हा उजाडत होतं, आणि त्यांचा हात माझ्या हातात होता. या वेळी मी पूर्ण जागी होते.