उपरण्याखालची बोटं

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं आहे. त्याची आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरतंच लिहिलं. ही वही नातीची. मागची पानं कोरी राहिली म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही. पण तात्यांबद्दल एक गोष्ट मी वेळेवर बोलले नाही, ती कुठंतरी उतरवायला हवी.

तात्या म्हणजे माझे सासरे. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी साठ वर्षं दलाली केली. त्यांचा उजवा हात लोकांना फारसा दिसायचाच नाही, तो उपरण्याखाली असायचा. तिथं दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. हल्ली गाईला एक बोट म्हणजे दहा हजार, अख्खा पंजा म्हणजे पन्नास. आत सौदा चाललेला आणि वर दोघांची तोंडं दगडाची. एकदा "दिली" म्हटलं की तो भाव फिरत नाही. तात्या म्हणायचे, "जनावराला जीभ न्हाई, म्हनून दलालाला जबान पायजे."

मोठ्या दुष्काळात लोक बरगड्या मोजता येतील असे बैल घेऊन यायचे. त्या वर्षी तात्यांनी कुणाकडून दलाली घेतली नाही. सासूबाई हे कौतुकानं नाही, रागानं सांगायच्या, कारण तेव्हा घरातही अर्ध्या भाकरीवर दिवस चालले होते. तात्या एवढंच म्हणाले होते, "मान्सं रडत इकत्यात. त्यातलं मी काय खाऊ?"

मी लग्न होऊन आले तेव्हा मोठ्यांपुढं तोंडातून शब्द फुटायचा नाही. ओसरीवर पाहुणे बसले की चहा किती टाकायचा हे विचारायलाही घाम यायचा. तात्यांच्या ते लक्षात आलं. ते पाहुण्यांशी बोलता बोलता उपरण्याच्या कडेनं मला बोटं दाखवायचे. चार बोटं, चार कप. साखर संपली असली की मी दाराआडून मूठ दाखवायची. एकदा सासूबाईंनी पाहिलं. "सून हाय का मुकी गाय?" तात्या म्हणाले, "गप गं. हिची बोटं बोलत्यात. बाजारात नेली तर मलाच इकून यील." त्या दिवशी मी पदरात तोंड खुपसून हसले. माहेर सुटल्यावरचं ते पहिलं हसू.

शुगर त्यांना फार वर्षं होती. ऐंशी उलटल्यावर एका सकाळी मी उकळता चहा पेल्यात ओतून दिला. त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. मी पाहिलं तर बोटांची कातडी लाल होऊन फुगत होती, आणि ते निवांत पावसाचं बोलत होते. मी पेला हिसकावून घेतला. त्यांनी बोटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मेलीत ती," म्हणाले. "कुनाला बोलू नगस. बाजार बंद व्हईल माजा." मी मान हलवली. न बोलणं मला नेहमीच सोपं गेलं.

त्याच आठवड्यात मार्थाबाईंनी त्यांच्याकडं गाय विकायला दिली. त्या शेजारच्या ख्रिस्ती वस्तीवरच्या, विधवा. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि भरायला पन्नास हजार हवे होते. गाय तेवढ्याची होती. समोरच्या दलालानं उपरण्याखाली चार बोटं धरली. तात्यांना पंजा वाटला. "दिली," म्हणाले. उपरणं बाजूला झालं, समोरच्यानं चाळीस मोजले, तेव्हा कळलं. पण शब्द गेला होता. आणि चूक सांगायची तर बोटं मेल्याचं सांगावं लागलं असतं.

मार्थाबाईंना ते म्हणाले, बाजार पडला होता. साठ वर्षांतलं ते पहिलं खोटं.

मुलीची जागा गेली. महिन्याभरानं तात्यांनी तिला सोनईच्या रस्त्याला कांद्यात खुरपताना पाहिलं. तसेच मार्थाबाईंच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं. मी बरोबर होते. मार्थाबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पैशे फिटतील, तात्या. पोरीचं वरीस?" आणि दार लावून घेतलं.

आमचे हे म्हणाले, दहा हजार आपण देऊन टाकू. तात्या म्हणाले, "बोट माजं, पैसा माजा." बाजार त्यांनी सोडला. ओसरीवर बसून जनावरांचे दोर वळायला लागले. बोटांना कळत नव्हतं, म्हणून पीळ डोळ्यांनी पाहून घालायचे. कातडी सोलायची, दोराला रक्त लागायचं. मी ते दोर धुऊन वाळवायची आणि हे ते बाजारात विकून यायचे. हजार जमले की तात्या काठी टेकत मार्थाबाईंकडं जायचे. त्या दार उघडायच्या, पैसे घ्यायच्या, दार लावायच्या.

मग एक दिवस त्यांची एक बाजू गेली, वाचाही गेली. शेवटच्या सकाळी मी पाणी पाजत होते. त्यांनी माझा हात धरला आणि गोधडीखाली ओढला. इतक्या वर्षांत सासऱ्यांचा हात मी कधी धरला नव्हता. त्यांनी माझी तीन बोटं धरली, सोडली, पुन्हा तीन धरली. मी म्हणाले, "तीन राहिले. कळलं, तात्या." मग बोटं सैल पडली.

तेरावं झाल्यावर मी ओसरीवर त्यांच्या जागी बसले आणि दोर वळायला लागले. घोडेगावला स्वतः नेऊन विकले. पहिल्या दिवशी कुणी भाव विचारला की मी बोटं दाखवायची. लोक हसायचे. "मावशे, त्वांडानं सांग की!" दुसऱ्या बाजारापासून तोंडानं सांगितलं.

काल तीन हजार पुरे झाले. मार्थाबाईंनी दार उघडलं, नोटा घेतल्या आणि उंबऱ्यातच मोजायला लागल्या. मला गप्प राहून परत येता आलं असतं. पण मी म्हणाले, "मावशी, त्यांची बोटं मेलेली मला बाजाराच्या आधी ठाऊक होती. मी बोलले नाही."

त्यांचा हात थांबला. मोजणी चुकली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बोटाला थुंकी लावली आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला लागल्या. शेवटची नोट होईपर्यंत मी उभी राहिले.

"फिटले," त्या म्हणाल्या.